मूत्रपिंडे थकली, तरी वाडगा रिकामा नको

अकरा वर्षांचा एक लॅब्रॅडॉर. सोयीसाठी त्याला आपण मोती म्हणू. कारण अशी गोष्ट एकाच घरातली नाही, अनेक घरांतली आहे. मोतीचे पाण्याचे भांडे पूर्वी दिवसातून दोनदा भरावे लागे, आता चार-पाच वेळा भरावे लागते. रात्री तो दाराशी जाऊन उभा राहतो आणि कुणी वेळेवर उठले नाही, तर हॉलमध्येच लघवी होते. घरच्यांना वाटते, म्हातारपण आले. मग कुणीतरी उपाय सुचवते, ‘रात्री नऊनंतर पाणी ठेवूच नका.’ चार दिवस फरशी कोरडी राहते. पाचव्या दिवशी मोती उलट्या करू लागतो, जेवणाकडे बघतही नाही. पशुवैद्यकाकडे नेल्यावर रक्ताचा अहवाल येतो : क्रिएटिनिन ५.८.

सलाइन, उलटीवरचे औषध, चार-पाच दिवसांच्या फेऱ्या, असे करत मोती सावरतो. क्रिएटिनिन ३.४ वर येऊन थांबते, त्याखाली जात नाही. निदान होते मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचे. घरी परतताना आहाराविषयी एक वाक्य कानावर पडलेले असते, ‘प्रोटीन कमी करा.’ घरी त्याचा अर्थ लावला जातो : चिकन बंद, अंडे बंद, दूध-पोळी सुरू. मोती ती दोन दिवस खातो, मग हुंगून निघून जातो. महिन्याभरात अठ्ठावीस किलोंचा कुत्रा पंचवीस किलोंवर येतो. घरच्यांना वाटते, आजार वाढला. खरे तर त्यातला बराचसा भाग उपासमारीचा असतो.

मूत्रपिंडे कायमची अधू झालेल्या कुत्र्यासाठी आहार हेच सर्वांत मोठे औषध आहे, असे पशुवैद्यकशास्त्र मानते. पण ते औषध ‘हे बंद, ते बंद’ अशा यादीने दिले जात नाही. काय कमी करायचे हे जितके महत्त्वाचे, तितकेच कुत्र्याच्या पोटात पुरेसे अन्न जाते आहे की नाही, हेही महत्त्वाचे. हे दोन्ही कसे सांभाळायचे, ते पाहू.

तहान आधी, अहवाल नंतर

मूत्रपिंडात नेफ्रॉन नावाच्या लाखो सूक्ष्म गाळण्या असतात. त्यातली एखादी कायमची निकामी झाली, की नवी तयार होत नाही. उरलेल्या गाळण्या तिचे काम वाटून घेतात. म्हणूनच आजार सुरू होऊन बराच काळ गेला तरी कुत्रा बाहेरून ठणठणीत दिसतो. साधारण दोन तृतीयांश गाळण्या गेल्या, की लघवी घट्ट करण्याची ताकद कमी होते. पाण्यासारखी पातळ लघवी भरपूर होऊ लागते आणि गेलेले पाणी भरून काढण्यासाठी कुत्रा सारखा पाणी पितो. रक्तातले क्रिएटिनिन आणि युरिया वाढलेले दिसायला मात्र सुमारे तीन चतुर्थांश गाळण्या जाव्या लागतात. २०१५ पासून उपलब्ध झालेली एसडीएमए ही रक्ततपासणी त्याच्या बरीच आधी, सरासरी ४० टक्के कार्यक्षमता गेलेली असताना, इशारा देऊ शकते.

यातून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो. कुत्रा जास्त पाणी पितो म्हणून जास्त लघवी करत नाही. जास्त लघवी होते म्हणून त्याला जास्त पाणी प्यावे लागते. त्याचे पाणी तोडले, तरी लघवी होतच राहते. शरीर कोरडे पडते, मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त कमी होते आणि उरल्यासुरल्या गाळण्याही धोक्यात येतात. मोती पाचव्या दिवशी कोसळला तो त्यामुळे. अशा कुत्र्याला दिवसरात्र स्वच्छ पाणी हवे. शक्य तर घरात दोन-तीन ठिकाणी भांडी ठेवावीत. रात्रीचा उपाय एकच : झोपण्यापूर्वी आणि पहाटे एकेक जादा फेरी, आणि दाराजवळ जुन्या चादरीची घडी.

आपल्याकडे या विकाराला वयाखेरीज इतरही वाटा आहेत. पावसाळ्यात साचलेल्या, उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया हा ताप, आणि लंगडतो म्हणून घरच्या डब्यातून दिलेल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या ही त्यांतली मोठी कारणे. आजार बरा झाला असे वाटते, पण गाळण्यांचे नुकसान मागे राहते.

अहवालातले तीन आकडे

आहार ठरवण्याआधी आजार कोणत्या टप्प्यावर आहे, हे कळायला हवे. जगभरचे पशुवैद्यक यासाठी इंटरनॅशनल रिनल इंटरेस्ट सोसायटी, म्हणजेच ‘आयरिस’ या १९९८ मध्ये स्थापन झालेल्या तज्ज्ञगटाची वर्गवारी वापरतात. कुत्र्यांमध्ये क्रिएटिनिन दर डेसिलिटरला १.४ मिलिग्रॅमच्या आत, पण मूत्रपिंडाच्या बिघाडाची इतर चिन्हे असली, तर पहिला टप्पा, १.४ ते २.८ दुसरा, २.९ ते ५ तिसरा आणि ५ च्या वर चौथा. उलट्या चालू असताना, शरीर कोरडे असताना काढलेल्या आकड्यावरून टप्पा ठरवत नाहीत. कुत्रा स्थिर झाल्यावर, उपाशीपोटी, किमान दोनदा तपासून तो ठरतो. म्हणून मोतीचा टप्पा ५.८ वरून नव्हे, तर ३.४ वरून धरायचा : तिसरा.

दुसरा आकडा फॉस्फरसचा. तो दुसऱ्या टप्प्यात ४.६ च्या, तिसऱ्यात ५ च्या आणि चौथ्यात ६ मिलिग्रॅमच्या आत राखणे हे उद्दिष्ट असते. तिसरा आकडा लघवीतून जाणाऱ्या प्रथिनांचा, म्हणजे प्रथिने आणि क्रिएटिनिन यांच्या गुणोत्तराचा. तो ०.५ पेक्षा जास्त असेल, तर गाळण्या फाटक्या झाल्या आहेत असे समजावे. रक्तदाबही मोजून घ्यावा. कुत्र्यांमध्ये तो १६० च्या वर राहिला, तर उपचाराचा विचार करावा लागतो. अहवाल हाती घेताना पशुवैद्यकांना एवढेच विचारा : टप्पा कोणता, फॉस्फरस किती, लघवीतून प्रथिने जातात का? पुढचा सारा आहार या उत्तरांवर बेतायचा आहे.

बडीचे जेवण

कुत्र्याच्या मूत्रपिंडासाठी वेगळे अन्न ही कल्पना आली कुठून? १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मॉरिस फ्रँक हे अंध गृहस्थ मार्गदर्शक कुत्र्यांच्या प्रसारासाठी देशभर फिरत होते. त्यांचा सोबती बडी हा मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडला. न्यू जर्सीतील पशुवैद्यक डॉ. मार्क मॉरिस यांनी त्याच्यासाठी प्रथिने आणि मीठ बेताचे असलेले अन्न स्वतः तयार केले. ते काचेच्या बरण्यांत भरून पाठवले जाई. प्रवासात बरण्या फुटू लागल्या, तेव्हा डबाबंद करण्याची युक्ती निघाली. पुढे १९४८ मध्ये कॅन्सस राज्यातील टोपिका येथील हिल पॅकिंग कंपनीने ते अन्न बनवायला घेतले. दुकानात आज मिळणाऱ्या ‘रिनल’ अन्नाची सुरुवात ही अशी, एका माणसाचा आधार वाचवण्याच्या धडपडीतून झाली.

त्या काळी भर होता प्रथिने कमी करण्यावर. प्रथिनांच्या पचनातून युरिया तयार होतो आणि अधू मूत्रपिंडांना तो बाहेर टाकता येत नाही, हा विचार चुकीचा नव्हता. पण मूत्रपिंडे आणखी बिघडण्याचा वेग कशाने मंदावतो, हा प्रश्न उरला होता. १९९२ मध्ये जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी त्याचा माग काढला. मूत्रपिंडांचा बराचसा भाग गमावलेल्या कुत्र्यांचे त्यांनी गट केले. कुणाला फॉस्फरस कमी तर कुणाला जास्त, कुणाला प्रथिने कमी तर कुणाला जास्त. जगण्याच्या कालावधीत ठळक फरक पडला तो फॉस्फरसमुळे. प्रथिनांमुळे तसा पडला नाही.

कारण असे. रक्तात फॉस्फरस साचू लागला, की पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त संप्रेरक सोडतात. ते संप्रेरक हाडांतले कॅल्शियम ओढून बाहेर काढते. हाडे, विशेषतः जबड्याची, कमकुवत होतात. आणि कॅल्शियम-फॉस्फरसचे कण मूत्रपिंडांच्याच पेशींत साचून उरलेल्या गाळण्या खराब करतात. एकदा हे चक्र सुरू झाले, की ते आपोआप थांबत नाही.

२००२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या अभ्यासात मूत्रपिंडाचा विकार आपसूक झालेल्या ३८ पाळीव कुत्र्यांना दोन प्रकारचे अन्न दिले गेले. कोणाला कोणते मिळते आहे, हे घरच्यांनाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही. नेहमीचे अन्न खाणाऱ्या कुत्र्यांचा मध्यक आयुष्यकाळ होता १८८ दिवस. मूत्रपिंडासाठीचे खास अन्न खाणाऱ्यांचा ५९४ दिवस. या खास अन्नात फॉस्फरस, प्रथिने आणि मीठ कमी होते, माशाच्या तेलातली ओमेगा-३ स्निग्धाम्ले जास्त होती. श्रेय एकाच घटकाला देता येत नाही. पण एका औषधाच्या गोळीनेही क्वचितच साधेल एवढा फरक वाडग्याने केला.

दूध-पोळीचा हिशेब

आता मोतीच्या घरी परत येऊ. चिकन-अंडे बंद करून त्याला दिवसाला अर्धा लिटर दूध सुरू झाले. अर्ध्या लिटर दुधात साधारण १६ ग्रॅम प्रथिने आणि ४५० मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो. तेवढीच प्रथिने पाच उकडलेल्या अंड्यांच्या पांढऱ्या भागातून मिळतात आणि त्यांतला फॉस्फरस असतो सुमारे २५ मिलिग्रॅम. प्रथिने सारखी, ओझे मात्र अठरा पट. ‘दूध हलके’ हा आपला समज मूत्रपिंडाच्या बाबतीत उलटा ठरतो.

अंड्याच्या बलकाचे गणित वेगळे. एका बलकातच साठ-पासष्ट मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. तेव्हा अंडे बंद करायचे नाही, बलक बाजूला काढायचा. पांढरा भाग कच्चा देऊ नये. उकडून, कुस्करून द्यावा.

आपल्या स्वयंपाकघरातल्या बाकीच्या जिनसांकडेही याच नजरेने पाहता येईल :

भात : पांढऱ्या तांदळाचा मऊ भात हा अशा आहाराचा उत्तम पाया. पोट भरतो, ऊर्जा देतो, फॉस्फरस कमी.

पोळी-भाकरी : गहू, ज्वारी, नाचणीत फॉस्फरस तांदळापेक्षा जास्त. पण त्यातला बराचसा अशा स्वरूपात असतो, की कुत्र्याच्या शरीरात तो पूर्ण शोषला जात नाही. म्हणून पोळीचा तुकडा हे विष नव्हे. फक्त मुख्य अन्न भाताचे असावे.

चिकन : थोडे चालते, किंबहुना चवीसाठी लागतेच. हाडे नसलेले तुकडे भरपूर पाण्यात उकडावेत आणि ते पाणी टाकून द्यावे. काही फॉस्फरस त्याबरोबर जातो. आपण नेमके उलटे करतो, मांस बाजूला ठेवतो आणि ‘ताकद येईल’ म्हणून सूप पाजतो.

हाडे, कलेजी, सुकट : पूर्ण बंद. हाड म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरसचाच साठा. कलेजीत फॉस्फरस भरपूर. सुकट, सुके बोंबील यांत हाडांचा फॉस्फरस आणि मीठ दोन्ही.

पनीर, चीज, सॉसेज, सलामी : बंद. गोळी चीजमध्ये लपवून देण्याची सवय अनेक घरांत असते. तीच गोळी मऊ भाताच्या छोट्या गोळ्यात, थोडे तूप लावून देता येते.

तूप-तेल : चमचाभर तुपातून ४५ उष्मांक मिळतात आणि फॉस्फरस जवळजवळ शून्य. न खाणाऱ्या कुत्र्यासाठी ही मोठीच सोय. मात्र पूर्वी स्वादुपिंडाला सूज आलेली असेल, तर तेल-तूप विचारल्याशिवाय देऊ नये.

माशाचे तेल : ओमेगा-३ साठी पशुवैद्यक सुचवतील त्या मात्रेत. कॉड माशाच्या यकृताचे तेल मात्र त्याला पर्याय नाही. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे जास्त असतात आणि ती साचून अपाय होतो.

शहाळे : माणसाच्या आजारपणात आपण शहाळे आणतो. त्यात पोटॅशियम भरपूर. मूत्रपिंडाचे काही रुग्ण-कुत्रे, विशेषतः रक्तदाबाच्या ठरावीक गोळ्या घेणारे, पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत आणि वाढलेले पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवते. रक्ततपासणी न करता देऊ नये.

द्राक्षे, मनुका, बेदाणे, चिंच : निरोगी कुत्र्यालाही नको. द्राक्षांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे अचानक निकामी होतात, हे बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होते. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे, असा अंदाज अलीकडच्या काही वर्षांत पुढे आला. ते चिंचेतही असते आणि चिंच खाल्ल्यानंतर कुत्र्यांना असाच त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. उरलेली आंबट आमटी किंवा सांबार भातावर ओतण्याची सवय म्हणूनच सोडायला हवी.

कांदा-लसूण : तांबड्या पेशी फोडतात. मूत्रपिंडाच्या विकारात आधीच रक्त कमी होत असते. त्यात ही भर नको.

प्रथिने किती? फार कमीही नकोत

‘प्रोटीन कमी करा’ या वाक्याचा खरा अर्थ ‘गरजेपुरती आणि चांगल्या प्रतीची द्या’ असा आहे. प्रथिने फारच तोडली, तर शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते. स्नायू जळाले, की युरिया तयार होतोच. म्हणजे ज्याला टाळायला निघालो, तोच मागच्या दाराने आत येतो. शिवाय लघवीतून प्रथिने जात असतील, तर तोटा दुहेरी.

स्नायू आणि वजन यांचा आयुष्याशी थेट संबंध दिसतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, या विकाराच्या शंभर कुत्र्यांच्या अभ्यासात निदानाच्या वेळी हडकुळे असलेले कुत्रे इतरांपेक्षा कमी जगले. म्हणून मोतीचे तीन किलो वजन घटणे ही किरकोळ बाब नव्हे. क्रिएटिनिनच्या आकड्याइतकीच ती गंभीर आहे.

किती ऊर्जा हवी, याचा अंदाज घरीही करता येतो. वजनानुसार कुत्र्याची विश्रांतीतली गरज ठरते : दहा किलोंच्या कुत्र्याला सुमारे ४०० उष्मांक, पंचवीस किलोंच्या कुत्र्याला सुमारे ७८०. घरात हिंडणाऱ्या-फिरणाऱ्या वयस्क कुत्र्याला त्याच्या सव्वा ते दीडपट लागतात. म्हणजे मोतीला दिवसाला साधारण हजार-अकराशे. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात १३० उष्मांक असतात. हा हिशेब केला, की ‘दोन वाट्या दूध आणि एक पोळी’ त्याच्या निम्म्या गरजेलाही पुरत नाही, हे लक्षात येते.

नेमके किती हे आकड्यापेक्षा वजनकाटा अचूक सांगतो. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. मोठा कुत्रा उचलवत नसेल, तर दवाखान्यातला काटा वापरा. आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, वहीत नोंद. पाठीचा कणा आणि डोक्यावरचे हाड हाताला टोचू लागले, तर वजन तेवढेच असले तरी स्नायू झिजत आहेत असे समजा.

घरचे की विकतचे?

मूत्रपिंडासाठीचे तयार अन्न दुकानात मिळते, कोरडेही आणि ओलेही. त्यात फॉस्फरस बेताचा, जीवनसत्त्वे आणि क्षार मोजून घातलेले, मीठ कमी. ते परवडत असेल आणि कुत्रा खात असेल, तर तो सर्वांत सोपा आणि खात्रीचा मार्ग. महाग वाटते, हे खरे. पण वारंवार लागणाऱ्या सलाइनचा खर्च शेजारी मांडून पाहावा. ओले अन्न मिळाले तर पाणीही पोटात जाते. कोरडे असेल, तर कोमट पाण्यात भिजवावे. आणि पिल्लांसाठीचे अन्न ‘पौष्टिक’ म्हणून चुकूनही देऊ नये; वाढत्या हाडांसाठी त्यात फॉस्फरस जास्त घातलेला असतो.

घरच्या अन्नावर ठेवायचे असेल, तर एक गोष्ट लक्षात घ्यावी. कॅलिफोर्निया विद्यापीठातील तज्ज्ञांनी मूत्रपिंडाच्या आजारासाठी पुस्तकांतून आणि इतरत्र सुचवलेल्या कुत्र्या-मांजरांच्या ६७ घरगुती पाककृती तपासल्या. २०१२ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व आवश्यक पोषकद्रव्ये पुरवणारी पाककृती त्यांत एकही सापडली नाही. भात, अंड्याचा पांढरा भाग, थोडे चिकन, थोडी भाजी आणि तूप, एवढ्यावर पोट भरेल. पण कॅल्शियम, जस्त, ब जीवनसत्त्वे कमी पडतील. ब जीवनसत्त्वे तर जास्त लघवीबरोबर वाहूनही जातात. हाडे बंद केल्यावर कॅल्शियम वेगळे द्यावेच लागते, पण किती ते रक्तातले कॅल्शियम पाहूनच. माणसांसाठीची ड जीवनसत्त्व घातलेली कॅल्शियमची गोळी परस्पर देणे धोक्याचे. तेव्हा घरचा आहार जरूर करा, पण तो पशुवैद्यकांकडून लिहून घ्या, पूरक पावडरीसकट.

आहार बदलल्यावर महिन्याभराने पुन्हा फॉस्फरस तपासतात. तो खाली आला नसेल, तर फॉस्फरस बांधून ठेवणारे औषध देतात. हे औषध रक्तात जाऊन काम करत नाही. ते आतड्यात अन्नातल्या फॉस्फरसला पकडते. म्हणून ते जेवणात कालवून किंवा जेवणाबरोबरच द्यायचे असते. रिकाम्या पोटी दिलेली मात्रा जवळजवळ वाया जाते.

खातच नसेल तर

हा खरा प्रश्न. उत्तम आहार वाडग्यात पडून राहिला, तर त्याचा उपयोग शून्य.

कुत्रा हट्ट करत नसतो. रक्तात साचलेल्या त्याज्य द्रव्यांमुळे त्याला मळमळते, पोटात जळजळते, कधी तोंडात फोड येतात. अन्नाजवळ येऊन ओठ चाटणे, लाळ गिळणे, मान फिरवून निघून जाणे ही मळमळीची खूण आहे. अशा वेळी चव बदलण्याआधी मळमळ थांबवायला हवी. त्यासाठी चांगली औषधे आहेत, भूक वाढवणारीही आहेत. ती मागायला संकोचू नका.

नवे अन्न दवाखान्यात किंवा उलट्या चालू असताना सुरू करू नये. मळमळीच्या दिवसांत खाल्लेल्या अन्नाचा कुत्रा कायमचा तिटकारा धरतो. आधी त्याला बरे वाटू द्या. मग घरी, पहिल्या दिवशी जुन्यात एक चतुर्थांश नवे, असे करत एक-दोन आठवड्यांत, कुरकुर करणाऱ्याला तीन-चार आठवड्यांत, नव्या अन्नावर आणा. दिवसातून दोनदा भरपूर देण्याऐवजी चार वेळा थोडे-थोडे द्या. अन्न अंगाएवढे कोमट करा, म्हणजे वास सुटतो. म्हाताऱ्या कुत्र्याची भूक नाकातून जागी होते. चमचाभर उकडलेले चिकन वर कुस्करले, तरी पुष्कळदा वाडगा रिकामा होतो. अर्धा तास झाला की उरलेले उचला. दिवसभर समोर ठेवलेल्या अन्नाची किळस येते.

तोंड उघडून घास कोंबणे मात्र टाळा. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते आणि जेवण म्हणजे शिक्षा, हे त्याच्या मनात बसते. पूर्ण दिवस काहीच खाल्ले नाही, सारख्या उलट्या, डांबरासारखी काळी शी, लघवी बंद किंवा झटका, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता दवाखाना गाठा. दीर्घकाळ न खाणाऱ्या कुत्र्यासाठी अन्ननलिकेत नळी बसवण्याचा मार्गही आहे. ऐकायला क्रूर वाटतो, पण त्या नळीतून अन्न, पाणी आणि औषध तिन्ही ओढाताण न करता देता येतात.

आणि घरातल्या सर्वांचे एकमत हवे. आई पथ्याचे वाढते, आजोबा टेबलाखालून बिस्किट सरकवतात, मुलगा येताना चघळायचे हाड आणतो. महिन्याने अहवालात फॉस्फरस तसाच, आणि दोष आहाराला. आजोबांच्या हाताला काहीतरी द्यायचेच असेल, तर सफरचंदाची बिया काढलेली फोड किंवा काकडीचा तुकडा त्यांच्या हातात द्या. कुत्र्याला खाऊपेक्षा तो हात हवा असतो.

शेवटच्या टप्प्यावर

चौथ्या टप्प्यात हिशेब बदलतो. तोवर फॉस्फरसला पहिला मान होता. आता तो भुकेला. पथ्याचे अन्न तो नाकारतो आणि साधा चिकन-भात खातो, असे असेल, तर चिकन-भात द्यावा, फॉस्फरस बांधणारे औषध त्यात कालवावे आणि मनाला टोचणी लावून घेऊ नये. घरी कातडीखाली सलाइन द्यायला अनेक पालक शिकतात. त्यानंतर एक दिवस असाही येतो, की तो काहीच खात नाही, उठत नाही, हाक मारली तरी शेपूट हलत नाही. तेव्हा आणखी ओढायचे की त्याचा त्रास थांबवायचा, हे पशुवैद्यकांशी मोकळेपणी बोलून ठरवावे. तो निर्णय म्हणजे हार नव्हे.

पण तो दिवस किती लांब ठेवता येईल, हे पुष्कळसे आधीच्या महिन्यांवर अवलंबून असते. म्हणूनच सात वर्षांवरच्या प्रत्येक कुत्र्याची वर्षातून एकदा रक्त-लघवी तपासावी, लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नये, गोचिडांवर लक्ष ठेवावे. पाण्याचे भांडे नेहमीपेक्षा लवकर रिकामे होऊ लागले, तर भांडे उचलून ठेवण्याऐवजी फोन उचलावा.

मोतीच्या घरी आता फ्रिजवर एक कागद चिकटवला आहे. त्यावर वजन, किती वेळा जेवला, उलटी झाली का, एवढे तीनच रकाने. दूध बंद आहे. सकाळ-संध्याकाळ दोन अंड्यांचे पांढरे, मऊ भात, तूप, मूठभर चिकन आणि लिहून दिलेली पावडर. पाण्याची दोन भांडी, एक दाराशी आणि एक पलंगाजवळ. रात्री अडीचला तो अजूनही दाराशी उभा राहतो आणि कुणीतरी उठते. मूत्रपिंडे बरी होणार नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या रविवारी वजनाच्या रकान्यात पंचवीसच्या जागी साडेपंचवीस लिहिले गेले.